बँकेच्या दारातली रांगोळी

वर्गात तोंड न उघडणारी मुलगी घालून घालून काय घोळ घालणार, असंच वाटतंय ना तुम्हाला? मग चहा घ्या आणि ऐका. मी एक शब्दही न बोलता अख्खी बँक अडवली होती!

माझे पप्पा पेठेतल्या एका छोट्या सहकारी बँकेत कॅशियर आहेत. बँकेची तब्येत बरेच दिवस तोळामासा. एखाद्या मोठ्या बँकेनं पदरात घेतलं, तरच ती आणि पप्पांची नोकरी टिकणार होती. शेवटी एक मोठी बँक तयार झाली. त्यांचे साहेब शाखा बघायला येणार, असं ठरलं.

"तुझी रांगोळी झ्याक असती की," पप्पा म्हणाले. "दारात काढ जरा. साहेबांना प्रसन्न वाटलं पाहिजे."

जरा! मला 'जरा' काही जमतच नाही. बँकेला दार एकच, त्याच्यापुढे चिंचोळा व्हरांडा. मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रंगांचा गालिचा घातला. कडेनं मोर, मधोमध अंबाबाईची पावलं, आत जाणारी. बोटभर जागा सोडली नाही. कर्मचारी आधीच आत, टेबलं आवरण्यात गर्क. मी खांबाआड उभी, स्वतःच्याच मोरांवर खूश.

मग गिऱ्हाईकं यायला लागली.

पहिल्या आल्या डेअरीवाल्या आक्का. पायरीवरच थबकल्या. "काय देखणी काढलीया गं बाई! पर आत जायचं कसं?"

"उडी मारा की," मागचे रिक्षावाले मामा म्हणाले.

"ह्या गुडघ्यानं? आन् चुकून आईच्या पावलांवर पाय पडला म्हंजे? तुम्हीच मारा!"

मामांनी अंतर बघितलं. तेही थांबले.

तुम्हीच सांगा, कोल्हापुरात अंबाबाईच्या पावलांवर पाय कोण देणार? माणसं येत गेली, थांबत गेली. "पाय द्या हो, मी पुन्हा काढीन," एवढंच म्हणायचं होतं मला. ओठांपर्यंत आलंही. पण एवढ्या लोकांत बोलायचं? आणि खरं सांगू? मोर पुसले जातील, याचंही वाईट वाटत होतं.

रस्त्यावरच्या एकानं विचारलं, "गर्दी कसली ओ?"

"आत जाता येईना झालंय."

त्यानं पुढच्याला सांगितलं, "आत सोडंनात." पुढच्यानं चौकात सांगितलं, "पैसं देईनात!"

झालं! पासबुकं नाचवत सगळा चौक बँकेपुढे. "आमचं पैसं द्या!" आक्कासुद्धा ओरडायला लागल्या, आणि त्या तर पैसे भरायला आल्या होत्या!

नेमकी तेव्हाच साहेबांची गाडी आली. काच खाली झाली. आरडाओरडा ऐकून पप्पा दारात आले आणि रांगोळी बघून सगळं समजून चुकले. चपला काढल्या, पावलांना हात जोडले आणि मोरांवरून धावत सुटले.

"साहेब! लोक रांगोळीमुळं थांबलेत ओ!"

कोण विश्वास ठेवणार? काच वर गेली. गाडी वळली.

पप्पा मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. जेवताना फक्त म्हणाले, "आत एक हाक तरी मारायचीस, बाळा."

पुढचे कितीतरी दिवस घरात फोन वाजला की सगळे दचकायचे. एका संध्याकाळी साहेबांचाच आला. पप्पा ताडकन उभे राहिले, स्पीकर लावला. आईनं गॅस बंद केला.

"बँकेचं काही जमणार नाही, माफ करा," साहेब म्हणाले. "पण कुणीतरी त्या दिवशीचा फोटो दाखवला. दारात ती रांगोळी कुणी काढली होती? इचलकरंजीला आमच्या नव्या शाखेचं उद्घाटन आहे. तिलाच बोलवावं म्हणतोय."

आमच्या बँकेला जोडीदार मिळाला नाही, आणि पसंत पडले मी! पप्पांनी माझ्याकडे एकदा बघितलं.

"येईल की," ते म्हणाले. "पर साहेब, तुमच्या बँकेला मागचं दार हाय न्हवं?"