हसऱ्या चेहऱ्यावरचं बोट

“सेल्युलायटिस आहे,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी आईच्या पोटरीवर अंगठा दाबला होता. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला. सेल्युलायटिस म्हणजे कातडीखाली पसरत जाणारा जंतुसंसर्ग, असं त्यांनी मला समजावलं. रक्तात साखरही खूप निघाली. आईला डायबेटिस आहे हे आम्हाला त्याच दिवशी कळलं. “आटोक्यात आलं नाही तर पाय काढावा लागेल,” असंही ते म्हणाले. आई माझ्याकडे बघत होती. मी तिला एवढंच सांगितलं, की इथं राहावं लागेल.

मी तेव्हा शिरूरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळं डॉक्टर काय म्हणाले ते सगळे मला विचारायचे, आणि मला निम्मंच कळलेलं असायचं. आमचं गाव पाटसजवळ. ऊसतोडीत आईच्या तळपायात तोडलेल्या उसाचा टोकदार बुडखा घुसला. तिनं जखमेत हळद भरली आणि कामावर गेली. मी सुट्टीला आले तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत लाल होता. तसंच तिला दौंडच्या दवाखान्यात आणलं.

शस्त्रक्रिया करून पू काढला. मग रोज ड्रेसिंग, म्हणजे जखम धुऊन नवी पट्टी बांधणं. हे मी सविस्तर लिहिते आहे, कारण आमची चूक इथंच झाली. तुमच्या घरी कुणाला असं दुखणं आलं, तर ती तुमच्याकडून होऊ नये.

वॉर्डात कल्पना सिस्टर होत्या. नर्सिंगचं पुढचं शिक्षण घेत होत्या आणि अभ्यासासाठी पुण्याहून आल्या होत्या. जखम नेहमीच्या औषधानं धुवावी की नुसत्या सलाइननं, म्हणजे निर्जंतुक मिठाच्या पाण्यानं, हे त्यांना पडताळायचं होतं. “वर्षानुवर्षं करत आलोय म्हणून बरोबर, असं नको ना,” त्या मला म्हणाल्या. डॉक्टरांची त्यांना परवानगी होती. आईचीही हवी होती.

“सुमे, तू सही ठोक की,” आई म्हणाली.

“मावशी, पाय तुमचा आहे. होकार तुम्हीच द्यायचा,” म्हणत सिस्टर खाटेजवळच्या स्टुलावर बसल्या. “नको वाटलं तर नको म्हणा. मधेच सोडलंत तरी उपचार तेच राहतील.”

आईला कुणी असं विचारलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, “व्हय. करा.”

रोज पट्टी बदलली की सिस्टर एक कार्ड पुढं धरायच्या. त्यावर चेहरे काढलेले होते, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. त्याला पेन स्केल म्हणतात, म्हणजे दुखणं मोजायची पट्टी. जेवढं दुखतंय त्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं. आई रोज हसऱ्यावर ठेवायची. मला वाटलं, बरं होतंय. मी तसं घरी कळवलंसुद्धा.

पण आईला पुन्हा ताप भरू लागला. त्या सकाळी सिस्टरनी पट्टी सोडली, जखम धुतली, कार्ड धरलं. आईचं एक बोट हसऱ्या चेहऱ्यावर होतं, आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत चादर पिळवटली होती.

“मावशी, चादर का धरलीय?”

“कुठं काय. उगं.”

शेजारच्या खाटेवर मालनमावशी होत्या, त्यांचीही जखमच होती आणि सिस्टर त्यांनाही कार्ड दाखवायच्या. त्यांना राहवलं नाही. “अगं सांग की आता! बाई, आमी समद्यांनी ठरवलंय, हसऱ्यावरच बोट ठेवायचं. तुमची परीक्षा हाय न्हवं?”

“एवढी राबती पोर,” आई पुटपुटली. “आमच्यापायी नापास व्हायला नको. लगीन अडंल.”

वॉर्ड हसला. सिस्टरही हसल्या, पण त्यांचे डोळे भरले होते. “मावशी, माझं पास-नापास तुमच्या दुखण्यावर नाही हो. तुम्ही खोटं सांगितलंत तर मी पुढच्या बाईला खोटंच औषध सांगेन.” त्या उठल्या आणि थेट डॉक्टरांना घेऊन आल्या.

डॉक्टरांनी टाचेकडं दाबलं तशी आई ओरडली. आत पुवाचा आणखी एक कप्पा साठला होता. “दुखणं लपवलंत तर आम्ही शोधायचं कुठं?” ते म्हणाले. रागावून नाही, दमून. दुपारी पुन्हा शस्त्रक्रिया झाली. बाहेर बाकावर बसून मी पायाचाच विचार करत होते. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, “पाय राहील असं वाटतंय.”

सिस्टरनी आईची उत्तरं अभ्यासातून काढून टाकली. मालनमावशींची आणि इतर बायकांचीही. “पुण्याच्या माझ्या सरांना सगळं कळवलंय, पुन्हा सुरुवात करायची,” एवढंच त्या म्हणाल्या. त्यांचं काम किती लांबलं ते मला विचारायचं धाडस झालं नाही.

“आता ती कशाला येती माझ्याकडं,” आई भिंतीकडं तोंड करून म्हणाली. “तिला माझा उपेग काय?”

दुसऱ्या दिवशी सिस्टर ट्रे घेऊन आल्या. नेहमीसारखेच हात धुतले, स्टूल ओढलं, पट्टी भिजवून हळूहळू सोडवायला घेतली. हातात कार्ड नव्हतं.

“दुखतंय का मावशी?”

आईनं मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. मग तिचा चेहराच बदलला. “दुखतंय ओ,” ती म्हणाली. “लई दुखतंय.” आणि ती रडायला लागली. बाप गेला तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. सिस्टरनी हात थांबवला आणि तिचं रडणं संपेपर्यंत तिच्या पायावर तळवा ठेवून बसून राहिल्या.

पाय वाचला. आई आज थोडी लंगडते, पण स्वतःच्या पायानं शेतात जाते. कल्पना सिस्टरच्या अभ्यासात आमच्या आईचं कुठंच काही नसेल. त्यांचे आभार कसे मानावेत ते तेव्हा सुचलं नव्हतं, आजही नीट सुचत नाही. तुमचं माणूस दवाखान्यात असेल तर त्याला एवढं सांगा, की दुखत असेल तर दुखतंय म्हण, त्यानं कुणाचं वाईट होत नाही. आमच्या आईला हे सांगणारं तोवर कुणी भेटलंच नव्हतं.