काकाचं पान

तांदळाच्या खिरीचा वास आला की मी पंचवटीतल्या आमच्या परसात जाऊन पोचते. एकाहत्तरच्या लढाईत काका गेल्याची तार आली होती. त्याला वर्ष झालं, त्या दुपारी त्याचं वर्षश्राद्ध होतं. पान ठेवून आम्ही कावळ्याची वाट बघत होतो. तेवढ्यात मागच्या दारानं एक हाडकुळा माणूस आला आणि पानावर बसून बकाबका जेवू लागला. हाकलायला धावलेले बाबा जागीच थिजले. काकाच तो! पाकिस्तानच्या कैदेतून सुटून आलेला.

"दादा, श्राद्ध कोणाचं?"

आजी म्हणाली, "तुझं."

तेव्हा मी भूत पाहिल्यासारखी किंचाळले होते. आज हादरवते ती त्याची भूक. हे ऐकूनही त्याचा हात थांबला नाही. पान पुढे सरकवत तो म्हणाला, "आई, अजून वाढ."