इंजिनाच्या कपाळावरचं गंध

तुमच्याकडे काही गळायला लागलं की तुम्ही आधी ते उघडून बघता, की वरून काहीबाही थापून हात झटकता? खरं बोला. म्हैसूरच्या बिंदुमाधव शिंप्याला या थापणाऱ्यांची मनस्वी किळस होती.

त्याची मोटरसायकल वडिलांच्या वेळची. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, आणि गाडीही तिथेच उभी. तिच्या गिअरपेटीतून ऑइल गळायचं. एक दिवस गिऱ्हाइकाचं रेशमी ब्लाउजपीस त्या थारोळ्यात पडलं, आणि बायकोचा, अंबुजाचा, पारा चढला.

"अय्यो, साकु री, पुरे झालं! आयुधपूजेला एक थेंब दिसला, तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला दारात. मी सांगून ठेवलंय त्याला!"

बिंदुमाधवाने गाडी उंबऱ्याबाहेर घेतली आणि स्वतःच उघडली. सांध्यात एका मेकॅनिकने साबण कोंबला होता, दुसऱ्याने त्यावर एम-सील चोपडलं होतं, तिसऱ्याने चिंधी. सगळं मिळून कानातल्या मळासारखं काळंपिवळं, चिकट.

"हे मेकॅनिक की गिलावा करणारे गवंडी? थू!"

शेजारचे गंगाधरराव कठड्यावरून म्हणाले, "साबणच लाव रे. माझा नळ थांबला की."

"मग त्या नळावर बसून जा ना वरुणा गावाला!"

त्याने सगळी घाण खरवडली, नवं ऑइल सील बसवलं, पॅकिंगचा कागद कापायला घेतला.

"ती ब्लाउजची कात्री आहे हं!" अंबुजा आतून ओरडली.

"मग? इंजिनाला ब्लाउजच बेततोय."

वरुणेपर्यंत चक्कर मारून आला, तर खाली पुन्हा थारोळं. नवंकोरं सील, आणि हे! त्याला जेवण गेलं नाही.

आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, सकाळी तो बाजारातून झेंडू घेऊन आला. गाडी अजून गरम होती. अंबुजाने गंधाची वाटी पुढे केली. नजर मात्र फरशीवर, थेंबांवर. बिंदुमाधवाने दर वर्षीसारखा अंगठा बुडवला आणि इंजिनाच्या माथ्यावरच्या गोल झाकणावर टेकवला. वडील म्हणायचे, हे इंजिनाचं कपाळ.

अंगठ्याला काहीतरी टणक लागलं. त्याने नख घातलं. गंध, कुंकू, हळद, पुन्हा गंध. थरावर थर, वाळून दगड झालेले. ढलपा निघाला आणि खाली बारीक भोक दिसलं. त्याने मशीनची सुई आत सारली. फुस्स! कोंडलेली गरम हवा त्याच्या तोंडावर आली.

इंजिन तापलं की गिअरपेटीतल्या हवेने याच भोकातून बाहेर पडायचं. इथे नाक बंद, म्हणून ती ऑइलला सीलमधून बाहेर ढकलत होती. इतकी वर्षं!

त्याने झाकण धुतलं, गाडी पुन्हा पळवून आणली, खाली पांढरं अस्तर पसरलं. दोघं बघत बसली. जेवणवेळ उलटली तरी अस्तर पांढरंच.

अंबुजाने भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं. मग हळूच विचारलं, "म्हणजे सगळ्यात मोठा थापणारा कोण हो, री?"

अंगठ्याकडे बघून त्याने तोंड वाकडं केलं, नळाखाली तो घासघासून धुतला, आणि उरलेलं गंध हेडलाइटला लावलं.

गाडीला हार घाला, कोहळा फोडा, कोण अडवतंय? पण यंदा गंध लावण्याआधी त्या झाकणावर एकदा नख फिरवा, आणि भोक असेल तर कृपा करून तेवढं मोकळं सोडा.