करवतीची खांदशेकणी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेटजींच्या दुकानामागच्या चिंचेच्या खोडात आमची साखळीची करवत अडकली. खोड अर्ध्याहून जास्त कापले गेले होते. झाड पडले नव्हते. माझा थोरला भाऊ झाडाखाली होता.

वऱ्हाड मध्य प्रदेशात होते, त्या शेवटच्या वर्षातली ही गोष्ट. आमचे गाव कामरगावपासून पायी जाण्याच्या अंतरावर. करवत पेट्रोलवर चालणारी आणि दोघांनी धरायची होती. इंजिनाची बाजू भावाकडे असे, पात्याच्या टोकाची मूठ माझ्याकडे. लढाईच्या काळात भाऊ फौजेच्या वर्कशॉपमध्ये कामाला होता. लढाई संपल्यावर तिथला जुना माल लिलावात निघाला, त्यातून त्याने ती आणली. गावात तिला फटफटी म्हणत. तशी दुसरी करवत आमच्या कोणाच्या पाहण्यात नव्हती.

तिचे काम समजायला अवघड नाही. हातभराहून लांब असे जाड लोखंडी पाते, त्याच्या कडेने कोरलेली खाच आणि त्या खाचेतून पळणारी दातांची साखळी. इंजिनाला लागून एक दातेरी चाक, ते साखळी ओढते. पात्याला इंजिनाकडच्या टोकाशी एक बारीक भोक असते. त्यातून तेल खाचेत उतरते. तेल उतरले नाही तर लोखंडावर लोखंड घासते, साखळी तापते, लांबते आणि सैल पडते. सैल पडलेली साखळी खाचेतून उडते किंवा तुटते.

आमच्या घराच्या दाराच्या फळीत जुन्या साखळीचा एक दात रुतलेला होता. भाऊ अंगणात करवत चालवून पाहत असताना तो उडाला होता. दार लावलेले होते आणि दाराआड आई पीठ चाळत होती. दात फळीतून आरपार गेला नाही. तो कोणी काढलाही नाही. तो माझ्या छातीच्या उंचीवर होता आणि घराबाहेर पडताना रोज दिसत असे.

त्या वर्षी भावाने करवतीचे बरेच भाग बदलले. जुन्या साखळीचे दात हातकरवतीसारखे उभे होते. ते लाकूड कापण्यापेक्षा खरवडत, आणि भुसा बसला की थांबत. नवी साखळी मुंबईहून मागवली. तिचे दात आकड्यासारखे वळलेले होते, एकेक दात लाकडाची ढलपी काढणारा. पण नव्या साखळीच्या कड्यांचे अंतर वेगळे होते आणि जुने दातेरी चाक तिला चालेना. भावाने अकोल्याला लेथवर नवे चाक करून घेतले. ते बसवून साखळी हाताने फिरवली तर ती प्रत्येक फेऱ्यात एका जागी अडखळे. चाक परत अकोल्याला गेले. दुसरे आले ते बरोबर बसले. पात्याची खाच इतक्या वर्षांत फाकली होती. पाते ऐरणीवर धरून भावाने खाचेचे दोन्ही ओठ हळूहळू ठोकत जवळ आणले, आणि प्रत्येक वेळी साखळीची कडी खाचेत घालून पाहिली. पेट्रोलची नळी बदलली, प्लग नवा घातला. साखळीला तेल देणाऱ्या टाकीत एरंडेल वापरायचे ठरले. बंडीच्या आसाला आम्ही एरंडेलात काजळी कालवून वंगण घालत असू. करवतीसाठी ते बिनकाजळीचे, फडक्यातून गाळून घेतले.

एवढे झाल्यावर करवत पूर्वीपेक्षा कितीतरी वेगाने कापू लागली. माझी चिंता तिथूनच वाढली. जुने पाते, नवी साखळी, अकोल्याचे चाक आणि फौजेतले इंजिन, हे सगळे एकत्र किती टिकेल याचा अंदाज कोणालाच नव्हता, आणि त्या सगळ्याचे टोक माझ्या हातात होते. साखळी तुटली तर काय होईल, असे मी भावाला एकदा विचारले. ती खाली पडते, वर येत नाही, असे तो म्हणाला. दाराच्या फळीकडे त्याने पाहिले नाही.

शेटजींची चिंच ज्येष्ठातल्या वादळात दुबेळक्यापाशी, खोड दोन फांद्यांत फुटते तिथे, चिरली होती. शेटजी म्हणजे गावातले किराणा दुकानदार, दिगंबर जैन. दुकानामागे त्यांचे घर, आणि घराच्या मागच्या खोलीत त्यांच्या म्हाताऱ्या आई निजत. झाड त्याच खोलीवर कलले होते. पाऊस लागल्यावर चीर रुंद झाली. हाताच्या आऱ्याने लाकूड चिरणारे दोघे गावात होते, पण त्यांच्या कामाला वेळ लागणार आणि तेवढा वेळ झाड कळ काढील याची खात्री त्यांनी दिली नाही.

शेटजी आमच्या ओसरीवर आले ते पोळ्याच्या आदल्या आठवड्यात. पोळा झाला की थोड्याच दिवसांत त्यांचे पर्युषण लागणार होते. त्या दिवसांत त्यांच्या घरी हिरवी भाजीसुद्धा चिरत नसत.

"बापू, पर्युषणाच्या आत होऊ द्या," ते भावाला म्हणाले. "मंग मले त्या झाडाले हात लावा म्हनता येत नाही. अन् आमची म्हातारी बाई तं ती खोली सोडून राह्यली नाही."

भावाने पोळ्याचा दुसरा दिवस दिला. त्या दिवशी आमच्याकडे बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. म्हणजे झाडाला बांधलेले दोर ओढायला बैल मिळणार नव्हते, माणसेच लागणार होती. ते शेटजींनी मान्य केले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी भाऊ आणि मी पेट्रोलसाठी मंगरूळपीरला गेलो. त्या संध्याकाळी घरोघर बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद कालवलेले गरम लोणी पळसाच्या पानाने चोळायचे. आम्ही परतलो तेव्हा आमच्या जोडीचे खांदे पिवळे झाले होते. ओसरीत भिंतीला टेकवलेली करवतही पिवळी झाली होती. इंजिन आणि पाते जिथे जुळतात तिथे हळद सर्वांत जाड होती. तिचा खांदा आईने तोच धरला होता.

भावाने विचारले तेव्हा आईने सरळ सांगितले. "बैलाच्या खांद्याले लावतो, मंग हिच्या काहून नाही? सालभर घर कोनाच्या जिवावर चाललं?"

भाऊ हसला. त्याने फडके घेतले आणि पाते पुसून काढले. पाते लखलखीत दिसू लागले. पोळ्याच्या दिवशी करवत तिथेच उभी होती आणि तिला कोणी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागची खोली रिकामी केली. शेटजींच्या आईंना पुढच्या दुकानात बसवले. त्या तयार नव्हत्या, पण बसल्या. झाड गल्लीच्या बाजूला पाडायचे होते, म्हणून गल्लीकडून खोडाला कुऱ्हाडीने आडवी खाप, म्हणजे खोल खाच, घेतली आणि वरच्या फांद्यांना दोर बांधले. गल्लीत लोक जमले. आरेवाल्यांपैकी वयाने मोठा होता तो हाताची घडी घालून उभा होता.

"काय भाऊ," तो म्हणाला, "आज गावातल्या बैलाले सुट्टी, अन् तुह्या फटफटीलेच नाही काय?"

"तिनं मांगतली नाही," भाऊ म्हणाला.

करवत खोलीच्या बाजूने लावली. तीच कललेली बाजू होती. दोरांनी झाड उलट ओढून धरायचे, काप उघडा ठेवायचा आणि त्यात करवत पुढे न्यायची, असे ठरले होते. सुरुवातीला काम चांगले चालले. नव्या दातांतून जाड ढलप्या पडत होत्या. मग ढलप्या बारीक झाल्या. मग नुसती पूड पडू लागली. आधी मला वास आला, जळक्या हळदीचा. पात्यावरून धूर निघाला. भावाने इंजिन कमी करेपर्यंत साखळी खाचेतून लोंबू लागली आणि थांबली. त्याच वेळी वाऱ्याचा झोत आला, दोर धरणाऱ्यांचे पाय घसरले आणि काप पात्यावर मिटला.

इंजिन बंद झाल्यावर झाडाचा आवाज ऐकू येऊ लागला. चिरीतून बारीक कर्रकर्र येत होते. ते थांबे आणि पुन्हा सुरू होई.

भावाने मला मागे व्हायला सांगितले. स्वतः तो हटला नाही. खोलीची भिंत आणि खोड यांच्यात एक माणूस वाकून मावेल एवढी जागा होती, तिथे तो होता. त्याने बोल्ट काढले आणि इंजिन पात्यापासून वेगळे केले. पाते आणि साखळी झाडातच राहिली. पात्याचे इंजिनाकडचे टोक बाहेर होते. त्यावरचे तेलाचे भोक त्याने बोटाने चाचपले आणि सायकलची तार मागितली. तारेने भोकातून पिवळी, घट्ट गोळी निघाली. तिला करपल्याचा वास होता. भावाने ती अंगठ्यावर घेऊन पाहिली आणि धोतराला पुसली.

आता काप उघडायला पाचरी लागणार होत्या. त्या आरेवाल्याने घरून आणल्या. कोणी सांगितल्या नव्हत्या. भावाने त्या मागून ठोकल्या. काप बोटभर उघडला. पाते हलू लागले, पण साखळी तापलेली होती. तापलेली साखळी तेव्हाच ताणून बसवली असती तर गार होताना आखडली असती आणि चालवताच तुटली असती. पाणी ओतले तर दात ठिसूळ होतील म्हणून तेही भावाने नको म्हटले. ती आपोआप गार होण्याची वाट पाहायची होती.

त्या दिवसातला तो सर्वांत वाईट वेळ होता. करण्यासारखे काही नव्हते. दोर धरणारे आळीपाळीने बदलत होते. पश्चिमेकडे आभाळ भरत होते. शेटजी दुकानाच्या पायरीपर्यंत येत, वर पाहत आणि परत जात. भाऊ मधून मधून हाताची पाठ साखळीजवळ नेई आणि काढून घेई. बाहेर येऊन थांब, असे त्याला तिघांचौघांनी सांगितले. पाचर सैल झाली तर पुन्हा ठोकायला कोणीतरी आत हवे, असे त्याचे उत्तर होते. मी आत जातो म्हणालो. तो नाही म्हणाला.

आईला कोणीतरी बोलावून आणले. ती गल्लीच्या तोंडाशी आली. भोकातून काय निघाले ते तिला तोवर कळले होते. ती रडली नाही.

"भाईर ये," ती म्हणाली. "माह्या हातानं झालं ते. लोखंड मंगरूळात भेटते. तू नाही भेटत."

"सोडलं तं ते खोलीवर जाते, माय."

"जाऊ दे खोली. मी शेटजीले बोलतो."

शेटजी पायरीवर होते. त्यांनी ऐकले. खोली गेली तरी चालेल, बापूंनी बाहेर यावे, असे तेही म्हणाले. भावाने पुन्हा हाताची पाठ साखळीवर नेली. या वेळी ती तिथेच ठेवली.

"गार झाली," तो म्हणाला.

साखळी पात्यावर बोटाने उचलली तर किंचित उठावी आणि सोडल्यावर बसावी, एवढा ताण त्याने दिला. इंजिन जोडले. भोकात एरंडेल ओतले आणि साखळी हाताने फिरवली. ती काळी, ओली होऊन बाहेर आली. मी तोवर पुढे होऊन टोकाची मूठ धरली होती. मग तो माझ्याकडे वळला.

"तू सोड. आरेवाला धरन."

आरेवाला पुढे आलाही होता. मी मूठ सोडली नाही. भाऊ इंजिनाकडे वळला. आरेवाला पाचरींकडे गेला, आणि पाते जसे पुढे जाईल तशा तो त्या मागून ठोकत राहिला.

इंजिन दुसऱ्या ओढीला सुरू झाले. ढलप्या पुन्हा जाड पडू लागल्या. मी पात्याकडे पाहत होतो, धुरासाठी. धूर आला नाही. खोडाच्या आत एकदा काहीतरी टणकन लागले आणि करवत माझ्या हातात उडाली. भावाने थांबवली नाही. लगेच कापाचे तोंड रुंद होत गेले, गल्लीतले लोक ओरडत मागे धावले आणि भावाने इंजिन बंद करून करवत आपल्याकडे ओढली.

चिंच गल्लीत पडली. एका फांदीने मागच्या खोलीच्या वळचणीची कौले फुटली. भिंतीला धक्का लागला नाही. दोर धरणाऱ्यांपैकी कोणालाही इजा झाली नाही. शेटजींच्या आई दुपारी खोलीत परत गेल्या. पाऊस संध्याकाळी आला.

घरी आल्यावर भावाने साखळी उतरवली, परातीत रॉकेलने धुतली आणि एकेक दात तपासला. साखळी तुटलेली नव्हती. एक दात नव्हता; खोडात टणकन लागले तेव्हाच तो उडाला असावा. भावाला आणि मला कुठेही लागलेले नव्हते. आई परातीवर दिवा धरून बसली होती. तिने आमचे दोघांचे हात, पाय आणि कपडे पुन्हा पाहिले. दुसऱ्या दिवशी बुंधा, भुसा आणि खोलीची भिंत आम्ही तपासली. आरेवाल्याने खोड चिरताना त्यात पाहिले. दात सापडला नाही.