जनार्दनकाकांचे शनिवार

जनार्दनकाका आगटे कॅनडात, ओटावाच्या कनाटा उपनगरातले साधे गृहस्थ. टेलिफोनच्या यंत्रांचं टेस्टिंग करायचे, थंडी पडायच्या आत विंटर टायर्स बदलायचे, मराठी मंडळात मागच्या रांगेत बसायचे. मी साहित्याचा विद्यार्थी, त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहत होतो.

२०१४ साली डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, तुम्हाला सीलिॲक आहे. गव्हाचा कणही आतड्याला सोसत नाही, असा हा आजार. गोळी नाही. गहू सोडायचा, जन्मभर.

काकांनी हे सर्वांत आधी मंडळाच्या अध्यक्षांना, दिलीपकाकांना, त्यांच्याच घरच्या जेवणात सांगितलं.

"पोळीनं आजार? जनू, हे इकडचं फॅड आहे. आपण काय गोरे आहोत?" असं म्हणत दिलीपकाका दोन पोळ्या घेऊन पुढे आले.

काकांनी ताटावर हात आडवा धरला. तोंडातून निघून गेलं, "आज शनिवार. मारुतीचा उपास धरलाय."

दिलीपकाकांनी पोळ्या मागे घेतल्या. आवाज खाली आणला. त्यांच्या पत्नी छायाकाकू लगबगीनं आत गेल्या आणि वरीचे तांदूळ धुऊ लागल्या.

आजारासाठी कुणी वेगळा झारा घेतला नसता. उपासासाठी पुढच्या आठवड्यात वेगळी कढई आली.

साबुदाणा, वरी, राजगिरा, शेंगदाणे. यात गहू कुठेच नाही. कॅनडात बहुतेक जेवणावळी शनिवारी, त्यामुळे मारुती पुरला. रविवारच्या बार्बेक्यूसाठी चतुर्थी शोधावी लागायची. एकदा कोणतीच तिथी सापडेना, तर काकांनी मौन धरलं. मौनात पोळी खातात की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

दोन वर्षांत काका पुढच्या रांगेत आले. लोक मुलांना त्यांच्या पाया पडायला लावू लागले. मुलं "व्हाय?" म्हणायची आणि पडायची.

अडचण एकच होती. सत्यनारायणाचा शिरा. प्रसादानं उपास मोडत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे पहिला प्रसाद काकांच्या हातावर. रवा म्हणजे गहूच, हे काकांना कळत होतं. पण प्रसादाला नाही कसं म्हणायचं? आणि ओटावात मराठी घरं वाढत होती. प्रत्येक नव्या घराला एक सत्यनारायण.

काका वाळत गेले. लोक म्हणाले, तेज आलंय. मग त्यांचा तोल जाऊ लागला. हिवाळ्यात बर्फावर सगळेच पडतात, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. जूनमध्ये ते कोरड्या पार्किंगमध्ये पडले. दिलीपकाका म्हणाले, "हल्ली नामात असतो."

काकांना स्पेशालिस्टकडे मी नेलं. तिनं शांतपणे सांगितलं. आतडं भरून येत नाहीये. मेंदूचा तोल सांभाळणारा भागही दुखावलाय. हे क्वचित होतं. दोनच शक्यता आहेत. एक, गहू अजून कुठून तरी पोटात जातोय. दुसरी, आजार पथ्याला जुमानत नाही अशा दुर्मीळ प्रकारात गेलाय. त्यातून आतड्याचा कॅन्सर होऊ शकतो.

"आर यू ईटिंग एनी व्हीट?"

"नथिंग," काका म्हणाले.

तिनं मान हलवली आणि दुसऱ्या शक्यतेच्या तपासण्या लिहायला घेतल्या.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "काका, शिरा?"

"तो प्रसाद रे. एवढासा."

"डॉक्टरांनी गव्हाचं विचारलं होतं."

काका बराच वेळ सीटबेल्टशी झटत राहिले. "तू साहित्यवाला. तूच सांग, आता काय मागू देवाकडे? की हे सगळं तुझ्याच प्रसादानं झालेलं असू दे?"

मी बेल्ट लावून दिला. काकांनी तिथूनच क्लिनिकला फोन केला. 'होली फूड' असा शब्द त्यांनी दोनदा वापरला.

त्या शनिवारी दिलीपकाकांकडे पूजा होती. पहिला शिरा काकांसमोर आला. काकांनी नमस्कार केला आणि द्रोण परत दिला.

"मला आजार आहे. गहू चालत नाही. मी एकही उपास केलेला नाही."



"म्हणजे एवढा साबुदाणा फुकट?" दिलीपकाका म्हणाले.

"फुकट कसा? मी जगलो त्याच्यावर."

"देवाच्या नावानं खोटं बोललास, जनू."

"तुमच्याशी खरं बोलून पाहिलं होतं."

नंतर आमंत्रणं थांबली. शिराही थांबला. वर्षभरानं पुन्हा कॅमेरा घालून तपासणी झाली. आतडं भरून येत होतं. दुर्मीळ प्रकार नव्हता. काकांच्या पत्नी सुरेखाकाकू क्लिनिकच्या वॉशरूममध्ये जाऊन रडून आल्या. तोल मात्र पूर्ण परत येणार नव्हता. काकांना काठी आली.

ही बातमी कळल्यावर दिलीपकाकांचा फोन आला. काकांनी स्पीकर लावला.

"बोलू नये, जनू, पण उपास सोडलेस आणि पाय गेले. मारुतीला सगळं कळतं."

सुरेखाकाकू फोन हिसकावायला निघाल्या. काकांनी काठी आडवी धरली.

"शनिवारी येतो जेवायला. वेगळी कढई काढ."

"परत उपास?"

"नाही. आजार."

पलीकडून छायाकाकूंचा आवाज आला. "भावजी, बेसमेंटमध्ये टाकलीय. घासून ठेवते."

मागून दिलीपकाका विचारत होते, "पण मग पोळी कधीपासून खाणार?"