भालेरावकाकांनी निवडलेला अ‍ॅम्प

वाद्यांच्या दुकानात शिरलं की भालेरावकाका आधी चपला काढत. "राहू द्या हो काका, फरशी खराब आहे," असं दुकानदार म्हणायचा आणि काका ते ऐकायचे नाहीत. खरंच ऐकू यायचं नाही त्यांना. अनवाणी पायांनी अ‍ॅम्पसमोर, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्रासमोर, उभं राहून ते त्याच्या लाकडी खोक्यावर पंजा ठेवत आणि मला म्हणत, "हां, वाजव."

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात त्यांनी सगळी नोकरी टर्बाइनच्या शेजारी काढली. त्या घरघरीनं कान जवळजवळ गेले, पण मशीनचं दुखणं तळपायांनी ओळखायची सवय लागली. नोकरी सांभाळून आमच्या नाशिकरोडच्या ऑर्केस्ट्रात ते खर्जातले सूर देणारी बेस गिटार वाजवायचे आणि मी इलेक्ट्रिक गिटार. लग्नं, हळदी, गणपती, आणि अलीकडे दिंडोरीकडच्या एका वायनरीत शनिवार-रविवार. वीस वर्षं तीच गाणी वाजवून मी पार कंटाळलो होतो. लोक जेवत असतात, आपण जीव तोडून सोलो वाजवत असतो.

एकदा तालीम संपल्यावर बेस पेटीत ठेवता ठेवता काका म्हणाले, "ताल मला अजून पायातून येतो. सूर येत नाय. परवाच्या हळदीला म्हणे मी अख्खं गाणं अर्धा सूर खाली वाजवलं. सुनेनं सांगितलं. तुम्ही कोणी बोलला नाय."

आम्ही सगळे माना खाली घालून बसलो. कळलं सगळ्यांनाच होतं, सांगायची छाती कुणाची झाली नव्हती.

"आता बेस तू धर," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "पार बहिरा व्हायच्या आत माझी जागा कुणाच्या तरी हातात देऊ दे."

मी हो म्हणालो, पण त्यात काकांवरच्या मायेपेक्षा माझा थकवा जास्त होता. चारच तारा, सोलो नाही, मागे उभं राहायचं. बरंच आहे की! मी तसं बोलूनही गेलो. काकांनी माझ्या ओठांवरून शब्द ओळखले. "दमला म्हणून येतो? अरे, गिटारवाला दमला तर कुणाला पत्ता लागत नाय. बेसवाला दमला की नाचणारे खाली बसतात."

पहिल्याच प्रोग्रामला मी माती खाल्ली. काका बेससाठी भाड्याचा अ‍ॅम्प आणायचे, पण माझा गिटारचा अ‍ॅम्प घरात होताच. आवाज वाढवला की झालं, असं समजून ओझरच्या एका हळदीला बेस त्यालाच जोडला. ड्रमपुढे काही ऐकू येईना, म्हणून बटण शेवटपर्यंत फिरवलं. दुसऱ्याच गाण्यात स्पीकर फडफडला आणि फाटला. पाहुण्यांना वाटलं जनरेटर बिघडला. पहिल्या रांगेत काका अनवाणी बसले होते. ते उठून आले, स्पीकरच्या जाळीवर हात ठेवला आणि म्हणाले, "चहाच्या भांड्यात पंगतीचा भात लावला तू."

त्यानंतर चार रविवार आम्ही दुकानं हिंडलो. मला हलका अ‍ॅम्प हवा होता. माझी कंबर तेव्हाच बोलायला लागली होती, आणि एका हाताने उचलता येतील असे छोटे, ताकदवान अ‍ॅम्प हल्ली मिळतात. काका त्यांच्यावर पंजा ठेवून तोंड वाकडं करत. मी सवयीनं भराभर तुकडे वाजवले की चिडत. "बोटं अजून गिटारवाल्याचीच हायेत तुझी. एक सूर वाजव आणि थांब. थांबता येतं का बघ."

मला काही थांबता यायचं नाही.

चौथ्या रविवारी शालिमारजवळच्या दुकानात कोपऱ्यात एक जुना काळा अ‍ॅम्प दिसला. पंधरा इंची स्पीकर, कडा झिजलेल्या, हलवायला दोन माणसं लागली. मी सगळ्यात जाड तार एकदा छेडली. काकांनी डोळे मिटले. "हा घे. आवाज बारीक ठेवला तरी पायाला लागतो. गाणाऱ्याच्या अंगावर नाय जात."

"उचलणार कोण हा?"

"तू. दुसरं कोण?"

मला राग आला. त्यांना ओठ दिसू नयेत म्हणून मी मान खाली घातली आणि पुटपुटलो, "ज्याला ऐकू येत नाही तो मला आवाज निवडून देतोय." अ‍ॅम्प मी घेतला. पण ते वाक्य मला पुढे कितीतरी दिवस छळत राहिलं.

काका गेले त्याच्या आठवडाभर आधी त्यांच्या सुनेचा फोन आला. "बाबा तुम्हाला अ‍ॅम्प घेऊन बोलावतायत." त्यांच्या जेलरोडच्या घराचे दोन जिने मी अ‍ॅम्प एकेक पायरी ओढत, प्रत्येक वळणावर टेकत चढलो. काकांना आता काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांनी पायांकडे बोट दाखवलं. सुनेनं त्यांना उठवून बसवलं आणि पाय फरशीला टेकवले. मी अ‍ॅम्प जवळ ठेवला, जाड तार एकदा छेडली आणि थांबलो. फरशी थरथरली आणि हळूहळू निवली. काकांनी मान डोलावली.

"जड हाय ना?"

मी त्यांच्यासमोर खाली बसलो आणि एकेक शब्द सावकाश उच्चारला. "काका, तुम्ही बरोबर निवडला."

ते माझ्या ओठांकडे बघत होते. मग हसले. "आज मान वर करून बोललास," म्हणाले.