वाढवलेलं दुकान

मी लिहिणारा नव्हे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला, एवढीच माझी लायकी; तेवढ्या जोरावर पुस्तकाची पानं अडवणं बरं नाही, हे कळतं. पण आमच्या दुकानाबद्दल दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही. म्हणून आधी माफी मागतो.

कामण गावात रस्त्याकडेला आमचं किराणा दुकान. आजोबांनी थाटलेलं, पुढे बाबांकडे आलं. कणी, सुतळी, कंदिलाची काच, शाळेची पाटी, बाळंतिणीसाठी डिंक, सगळं एकाच दारात. सुट्टी संपवून पुण्याला परतलो की हॉस्टेलच्या खोलीत माझ्या पिशवीला कितीतरी दिवस हिंगाचा वास येतो. मी ती मुद्दाम धूत नाही.

दिवेलागणीनंतर फळ्या लावताना ‘बंद’ म्हणायचं नाही, हा आजोबांचा दंडक. दुकान ऐकत असतं, म्हणायचे. म्हणून आम्ही दुकान ‘वाढवायचो’. लहानपणी मला वाटे, रोज वाढतंय तर एक दिवस समोरच्या चिंचेपर्यंत जाईल. फळ्या अर्ध्या लागल्या की शेजारच्या पाड्यातली एक म्हातारी हटकून यायची.

“वाढवलंस का रं?”

“तुझ्यासाठी अर्धंच वाढवलंय, काकू,” बाबा म्हणायचे.

“मंग अर्धाच साबन दे. अर्धीच आंघोल करीन.”

पुढे ती म्हातारी वारली. आजूबाजूला गोदामं उठली. लोक सामान फोनवर मागवू लागले, ते आमच्याच दारावरून पुढे जायचं. बाबा गिऱ्हाइकापेक्षा रस्त्याकडे जास्त बघू लागले. या वर्षी निघताना मी त्यांना विचारलं, दिवाळीत मला गल्ल्यावर बसायचंय, तोवर दुकान चालू ठेवाल ना? ते तागडी पुसत होते.

“तू ये तर,” म्हणाले.

आई रोज संध्याकाळी फोन करते. जेवलास का, अभ्यास झाला का, आणि शेवटी, “हे बघ, आत्ताच वाढवलं.” मागे फळ्या सरकल्याचा आवाज यायचा. त्या आवाजासाठीच मी फोनची वाट बघायचो.

दिवाळीला थोडेच दिवस उरले असताना तिचा फोन सकाळीच आला. मी तासाला निघालो होतो.

“बाबांनी दुकान वाढवलं,” ती म्हणाली.

“सकाळी?”

मागे कसलाच आवाज नव्हता. ती म्हणाली, “तागडी विकू दिली नाही मी. तुझ्यासाठी ठेवलीय.”